धूर कुणाकडचा?

वरोरा मागे पडलं तसं खिडकीबाहेरचं आकाश मळकट होऊ लागलं. ऊन होतं, पण सावली पडत नव्हती. बल्लारपूर जवळ येतंय, तेव्हा हा कारखान्याचा आणि कोळसा खाणींचा धूर, असं मी ठरवून टाकलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मला कुठल्याही गोष्टीचं कारण चटकन सुचतं आणि ते बरेचदा चुकतं. समोर बसलेला गृहस्थ रोज याच गाडीने कामावर जाणारा होता. त्याने माझं शास्त्र शांतपणे ऐकून घेतलं.

"कारखान्याचा धूर वर जाते, बाई," तो म्हणाला. "हा जमिनीवरून येऊन राह्यला. जंगल पेटलं हाय कुठीतरी."

कुठे, असं मी विचारलं. त्याने हात आधी दक्षिणेकडे केला, मग पूर्वेकडे, आणि शेवटी मांडीवर ठेवून दिला. तेव्हापासून मला तो एकच चाळा लागला. भेटेल त्याला मी विचारत सुटले, की हा धूर कुठला?

निघाले होते वनिताकडे. ती नाशिकला नर्सिंग शिकत असताना तीन वर्षं आमच्या घरी राहिली होती. माहेर वरोऱ्याचं, नोकरी मुलचेऱ्याच्या पुढे एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात. मोहाची फुलं पडायला लागली की या मावशी, असं ती दरवर्षी बजावायची. यंदा गुडघ्यांची परवानगी मिळाली.

बल्लारपूरहून एसटी धरली. भर दुपारी ड्रायव्हरने दिवे लावले होते. आष्टीच्या अलीकडे वैनगंगेचा पूल लागतो, तिथे पैलतीर दिसेचना. मुलचेऱ्याला एका बंगाली माणसाच्या हॉटेलात थांबले. त्याचे आजोबा निर्वासित म्हणून इथे आले होते. रसगुल्ला इतका ताजा, की मी लाज सोडून तिसराही मागितला. त्याने टेबलफॅनचं तोंड दाराबाहेर करून ठेवलं होतं, धूर आत येऊ नये म्हणून. उपयोग होतो का, विचारलं तर म्हणाला, "मन को अच्छा लगता है." तिथे फोनला रेंज होती. आगी दाखवणारा एक नकाशा मी उघडला. लाल ठिपके होते, पण सगळे नदीपलीकडे, फार लांब. या तालुक्यात एकही नव्हता.

वनिताने पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या सखूबाईंची गाठ घालून दिली. सखूबाई साठीच्या, ढीवर (मासेमारी करणाऱ्या) समाजाच्या, अंगाने काटकुळ्या आणि दम्याच्या रोगी. बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करायच्या आणि वाक्य जिथे सोडलं तिथूनच पुढे न्यायच्या. त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. वांग्यात घातलेले सुके झिंगे (बारीक कोळंबी), लाखोळीच्या डाळीचं वरण, भात. भाजलेल्या मोहफुलांचा तिळाबरोबर कुटलेला एक लाडूही मिळाला. त्याला मनुकांची चव होती.

या भागात प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात. फुलं पहाटे गळतात आणि खाली पानगळीचा हातभर थर. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवून द्यायची जुनी रीत आहे. तो जाळ कधी कधी सरकत जंगलात जातो. गेल्या वर्षी रोपवनाचा एक तुकडा असाच गेला, तेव्हा सखूबाईंनी गावाच्या बैठकीत एक साधी गोष्ट सुचवली. बोडीतल्या (लहान तळ्यातल्या) मासेमारीची जुनी जाळी झाडाखाली खुंट्यांवर ताणायची. फुलं जाळ्यात पडतील, पाला जाळायला नको. शेजारच्या गावानेही शब्द दिला, की आम्हीही नाही पेटवणार. दोन गावांनी मिळून पाळायचा ठराव तो. सखूबाईंच्या तोंडून ते ऐकताना मला फार कौतुक वाटलं, आणि विज्ञान शिकवणाऱ्या मला हे सुचलं नसतं याची थोडी शरमही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाखाली गेलो तर धूर आणखी दाट. जाळ्यात फिकट पिवळी फुलं पडलेली आणि सखूबाई ओंजळी भरता भरता खोकत होत्या. वनिता केव्हाची त्यांच्या मागे लागली होती, की धूर निवळेपर्यंत चंद्रपूरला लेकीकडे जा. फुलं संपली की जाते, हे त्यांचं उत्तर. तेवढ्यात त्यांचा पुतण्या मारोती तणतणत आला. शेजारच्या गावाने पाला पेटवला, शब्द मोडला, मग आपणच काऊन पाळायचा, असं त्याचं म्हणणं. चार दिवस धूर त्यांच्याकडूनच येतोय, डोळे नाहीत का आपल्याला? आजच्या आज आपणही पेटवू. दोघंतिघं मान डोलवायला लागले.

सखूबाईंनी हातातली ओंजळ रिकामी केली. मग एवढंच म्हणाल्या, "पह्यले जाऊन पाहू. मंग पेटव."

मारोतीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आम्ही तिघी निघालो. मी ट्रॉलीत पहिल्यांदाच बसले होते. एका खड्ड्याने मला वनिताच्या मांडीवर नेऊन बसवलं, पुढच्याने परत जागेवर. दोन्ही बाजूंच्या सागाला पान नव्हतं आणि शंभर पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. मला मात्र मनातून बरं वाटत होतं. धुराचा उगम आता सापडणार.

शेजारच्या गावाच्या शिवेवर पहिल्याच मोहाखाली काळं रिंगण होतं. राख अजून कोमट. कमलाबाई नावाची एक बाई तिथे फुलं वेचत होती. मारोती ट्रॅक्टरवरून उतरला तोच ओरडत. सखूबाईंनी त्याला हाताने मागे सारलं आणि विचारलं, "काऊन जारलं, बाई?" (का जाळलंस?)

कमलाबाईने पदराने डोळे पुसले. ती घाबरलेली नव्हती, उलट चिडलेलीच होती. "तुमीच पह्यले पेटवलं ना? चार दिवस झाले, तुमच्याच गावाकडून धूर येऊन राह्यला. आमी कालच जारलं."

सकाळी मारोती जे बोलला होता, तेच तिने आम्हाला ऐकवलं. मी फोन काढला, म्हटलं यांना लाल ठिपके दाखवू. पण रेंज नव्हती, आणि काचेवर माझंच धुरकट तोंड दिसत होतं. लांबून आलेल्या धुराने या दोन गावांना एकमेकांविरुद्ध उभं केलं होतं. मी कालपासून धूर कुठला ते विचारत फिरले, आणि यांनी ते न विचारताच ठरवून टाकलं होतं.

सखूबाईंनी कमलाबाईला ट्रॉलीत घेतलं आणि आपल्या झाडाखाली आणून उभं केलं. कमलाबाई वाकली, तिने पाला उचलून पाहिला. आख्खा, कोरडा. तिने तो मुठीत चुरगाळला. मग खालच्या आवाजात म्हणाली, की तुमच्याकडे ढीवर हाय, जाळी हाय. आमच्या गावात जाळं कुठून आणायचं? हे गेल्या वर्षी बैठकीत कुणाला सुचलंच नव्हतं. शब्द दोघांनी दिला, जाळी एकाकडेच होती.

सखूबाई खुंट्या सोडवायला लागल्या. स्वतःच्याच झाडाखालचं जाळं त्यांनी गुंडाळलं आणि कमलाबाईच्या हातात दिलं. वनिता चिडली. या छातीने आता पाल्यातून एकेक फूल वेचणार का, म्हणून तिने त्यांना खडसावलं. मलाही त्यांचा राग आला, खरं सांगते. चांगुलपणालाही काही मर्यादा असावी.

वनिताची भीती खरी ठरली. तिसऱ्या दिवशी सकाळी सखूबाई झाडाखाली वाकल्या त्या उठेचनात. ओठ निळसर पडले होते. वनिताने औषधाची वाफ दिली, गाडी बोलावली आणि त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात हलवलं. स्ट्रेचरवरूनही त्या मारोतीकडेच बघत होत्या. बोलता येत नव्हतं. झाडाखाली पाला तसाच, वर फुलं पसरलेली. एक काडी ओढली की वेचायला सोपं, आणि अडवणारं माणूस गावाबाहेर.

दोन दिवसांनी मी परतीला निघाले. गाडीआधी दवाखान्यात गेले. सखूबाई उशांना टेकून बसल्या होत्या. मी तब्येत विचारली, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "मारोतीनं जारलं का?"

नाही, मी म्हणाले. मारोतीने खराट्याने पाला बाजूला केला. आणि काल सकाळी कमलाबाई चार बाया घेऊन, तेच जाळं खांद्यावर टाकून चालत आली. तुमच्या झाडाची फुलं वेचून, वाळत घालून मग त्या आपल्या गावी गेल्या.

त्यांचा विश्वास बसला नसावा. आजारी माणसाला लोक गोड बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझा पदर ओढून नाकाशी धरला. मी सकाळी त्याच झाडाखालून आले होते. त्यांनी जमेल तेवढा श्वास आत घेतला, खोकल्या, पुन्हा घेतला.

"मोहाच्या पाल्याचा धूर गोडसर येते," त्या म्हणाल्या. "हा लांबचा हाय." मग त्यांनी पदर सोडला आणि डोळे मिटले.

नाशिकला उतरले तेव्हा आकाश स्वच्छ होतं. तुमच्या त्या धुराचा शोध लागला का, असं सगळं ऐकून घराशेजारच्यांनी विचारलं. नाही लागला. कुठलं जंगल जळत होतं ते मला आजही सांगता येणार नाही. कोणतं जळलं नाही, तेवढं मात्र मी सांगू शकते.