तुळशीचा डावा हात

तुळशीला हुशार म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, की ती "ठाऊक आहे" म्हणायची आणि पुढचं पान उलटायची.

काशीदच्या अंबाजी कोळ्याची ही थोरली मुलगी. मॅट्रिक झाल्यावर ती अलिबागला भागूआत्याकडे, म्हणजे वडिलांच्या विधवा बहिणीकडे राहायला आली. आत्याला मूलबाळ नव्हतं, मासळीबाजारात बसायची हक्काची जागा होती, आणि जीभ होती. मी म्हसळ्याची, भातशेती करणाऱ्यांच्या घरातली. कुणाच्या तरी ओळखीने वडिलांनी मलाही त्याच घरात ठेवलं. अलिबागचं कॉलेज तेव्हा नवंकोरं होतं आणि इंटर सायन्सच्या वर्गात मुली आम्ही दोघीच, त्यामुळे आमचं पटलं नसतं तरी पटवून घ्यावंच लागलं असतं.

तुळशीची आई बाळंतपणात गेली होती. पावसाळ्याचे दिवस, डॉक्टर खाडीपलीकडे आणि खाडीला उधाण. म्हणून तिला डॉक्टर व्हायचं होतं. याविषयी ती फार बोलत नसे आणि मीही कधी चेष्टा केली नाही. बाकी सगळ्याची केली.

इंटरच्या वर्षी पेपरात जाहिरात आली की पुण्याच्या एका मेडिकल कॉलेजात वेगळी प्रवेश परीक्षा घेऊन मुलं घेणार. झालं! सकाळी आत्याबरोबर बाजार, मग कॉलेज, संध्याकाळी पुण्याचा अभ्यास. दोन डगरींवर हात ठेवू नये म्हणतात. हिने दोन्हींवर ठेवले आणि वर डोक्यावर टोपलीही घेतली.

पुण्याच्या परीक्षेत सामान्यज्ञानाचा पेपर होता आणि तुळशीला त्याचीच धास्ती. मग काय, बाजारात बसल्या बसल्या मी प्रश्न विचारायचे आणि ती बोंबील मोजता मोजता उत्तरं द्यायची. महिन्याभरात कोळणींची सगळी ओळ तयार झाली. शेजारची वेणूबाई गिऱ्हाईक नसलं की आपणहून ओरडायची, "गो तुळशे, क्यानडाची राजधानी काय ती सांग!" तुळशी अडली तर वेणूबाईच सांगून टाकायची आणि भागूआत्याकडे जिंकल्यासारखी बघायची.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलकडे मात्र तुळशी ढुंकून बघत नव्हती. त्या वर्षी चिरायला मुशी, म्हणजे लहान शार्क मासा, होती. मी घाबरून चित्रं काढत बसले की ती हसायची. "मुशी काय शिकायची? परकरात होते तेव्हापासून कापतेय."

टिपणीस सरांनी प्रिलिमला मुशीच ठेवली. दुसऱ्या गावी म्हणे औषधात मुरवलेले प्राणी देतात, नाक धरून चिरावे लागतात. आमचं कॉलेज समुद्रकाठचं, तेव्हा शिपाई सकाळी बाजारातून ताजी मुशी घेऊन आला, आणि तीही आमच्याच भागूआत्याकडून. समोर ट्रेमध्ये ती लखलखीत मुशी, हातात सुरी, आणि तुळशी रात्री उशिरापर्यंत पुण्यासाठी जागलेली. डोक्यात इंग्रजी निबंध चालला होता. हात मोकळे होते. त्यांनी आपलं काम केलं.

मी माझ्या मुशीचं पोट जेमतेम उघडलं होतं, तेवढ्यात शेजारी पाण्याचा आवाज आला. बघते तर तुळशीने पर छाटले होते, पोटातलं सगळं काढून बादलीत टाकलं होतं, कातडं सोलून मुशी नळाखाली धुतली होती आणि एकसारखे तुकडे करून ट्रेमध्ये मांडले होते. मीठ तेवढं लावायचं राहिलं होतं.

टिपणीस सर आले, थांबले, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हृदय कुठे आहे?"

तुळशीने ट्रेकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बादलीत, सर."

"आणि यकृत?"

"तेही."

सर कायस्थ, पक्के मासेखाऊ. "तुकडे सुरेख पडलेत," असं ते बोलून गेले आणि मग आपण परीक्षक आहोत हे आठवून भलतेच चिडले. आठ दिवसांनी पुन्हा प्रॅक्टिकल. तेव्हाही असंच झालं तर वार्षिक परीक्षेच्या फॉर्मवर सही नाही. आणि इंटर नाही तर पुणं काय नि मुंबई काय, डॉक्टरकीचं नावच नको.

त्या दिवशी तुळशी पहिल्यांदा रडली. मला हसूही येत होतं आणि तिच्यासाठी जीवही तुटत होता. दोन्ही एकदम आवरणं फार कठीण असतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात रोज मुशी. पण पोट उघडलं की तुळशीची बोटं आत शिरायची आणि सगळं एका झटक्यात बाहेर! जन्मभराची सवय ती. त्यात आत्या डोक्याशी उभी.

"प्वाट फाडायचा आन घान तशीच ठेवायची? लोकं काय म्हनतील? भागूच्या घरान मासली साफ करता येत न्हाय!"

"आत्ये, परीक्षा हाय ती."

"कसली परीक्षा? मासा कुजवायची?"

आत्या बडबडायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मुशी आणायची. तसली चिरफाड केलेली मुशी कोण विकत घेणार? आम्हीच खाल्ली. सकाळी मुशी, रात्री मुशी. म्हसळ्याला गेल्यावर आईने कौतुकाने मासे आणले तेव्हा मी पिठलं मागितलं.

शेवटी तुळशीलाच सुचलं. तिने सुरी डाव्या हातात घेतली. डाव्या हाताला मासे साफ करायची अक्कल नव्हती. तो बिचारा सांगाल तेवढंच करायचा, तेही थरथरत. आत्याने कपाळावर हात मारून घेतला, पण मुशीचं हृदय जागच्या जागी राहिलं.

पुन्हा प्रॅक्टिकल झालं. सगळ्यांचं आटोपलं तरी तुळशी कापतच होती. उजवा हात तिने पाठीशी पदरात गुंडाळून ठेवला होता. सरांनी एकेक अवयव विचारला, तिने दाखवला. सर म्हणाले, "तू डावखुरी कधी झालीस?"

"मंगळवारपासून, सर."

सही मिळाली.

पुण्याच्या यादीत तिचं नाव आलं नाही. तीन दिवस वेणूबाईने राजधान्या विचारल्या नाहीत. मग इंटरचा निकाल लागला. तुळशीला फर्स्ट क्लास, आणि त्याच मार्कांवर मुंबईच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश. अलिबागच्या ज्या कॉलेजकडे ती बघत नव्हती त्यानेच तिला पार लावलं. हे मी तिला बऱ्याचदा ऐकवलं आहे. ती म्हणते, "ठाऊक आहे."

ती निघाली त्या सकाळी अंबाजीकाका काशीदहून आले होते. आत्या मात्र स्टँडवर आली नाही. "बाजार कोन तुजा बापूस बगेल?" म्हणाली, आणि अंबाजीकाका शेजारीच उभे असूनही तिला त्याचं काही वाटलं नाही. तुळशी पाया पडली तेव्हा आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मग टोपली उचलून गेली.

रेवसहून मुंबईला सुटणाऱ्या लाँचला जोडून जाणारी गाडी सुटल्यावर मी बाजारात गेले. तुळशीच्या जागेवर आत्याने दोन जादा टोपल्या पसरल्या होत्या.

"गेली गाडी," मी म्हटलं.

"बरा झाला. जागा किती मोकली झाली बग. दोन वर्सां कोंडली व्हतू मी."

गिऱ्हाईक आलं. आत्याने घासाघीस केली, मासे कापले, पैसे कनवटीला लावले आणि मान वर न करता हात बाजूला पुढे केला.

"तुळशे, पानी दे गो हातावर."

आत्याचा हात तसाच पुढे होता. मी तांब्या उचलला आणि पाणी घातलं.