गेंदाचं बी

रचना जन्माचीच तापट. लहानपणी ठेच लागली तर दगडालाच लाथ घालणारी. त्यात तिनं पीएचडीला विषय घेतला गेंदाचा! बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठी चिखलात उगवणारं वीतभर झाड, वर पांढऱ्या गुंडीसारखं फूल. लोक त्याला गवतच म्हणतात. पण या एकाच प्रजातीत भारतात शंभराच्या घरात जाती, आणि वरून सगळ्या सख्ख्या बहिणी. कोणती कोण, हे शेवटी ठरवतं बी. तेही पिकलेलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलेलं.

तिरोड्याजवळच्या तिच्या गावात, बोडीवर तिला एक वेगळंच गेंद दिसलं होतं. मागल्या साली घाईघाईत कच्चंच तोडून नेलं. तिचे गाईड सर म्हणाले, "बी कच्चं आहे. जुनीच जात असणार, सोडा." रचनाच्या अंगाचा तिळपापड झाला. असणार म्हणजे काय? ते दुसऱ्या एकाही बोडीवर नव्हतं. यंदा तिनं त्या पट्ट्याभोवती काड्या रोवल्या, काड्यांना लाल चिंध्या बांधल्या आणि गोंदियाला कॉलेजात जाऊन बी पिकायची वाट बघत बसली.

धानकापणीला आली, तर काठ साफ! काड्या नाहीत, गेंद नाही, नुसते फावड्याचे घाव.

"कोणत्या मेल्यानं केलं हे?" ती ओरडतच घरात शिरली.

"मी केलं," आई, पार्वताबाई, धान पाखडता पाखडता म्हणाली. "मोजणीवाल्याइनं लाल झेंड्या गाडल्या होत्या. आमी बायाइनं सारं उपटून फेकलं."

"आई, त्या माझ्या होत्या!"

"मंग मले काऊन नाही सांगतलं? सरले सांगतलं, साऱ्या कॉलेजले सांगतलं. मायले सांगाले तोंड दुखते का तुयं?"

रचनाचा आवाज आणखी चढला. माझी दोन वर्षं मातीत घातली! शेवटी तोंडून निघूनच गेलं, "अडाणी ते अडाणीच!"

पार्वताबाईनं सूप आपटलं. "अडाणी? रोडाच्या मोजणीत तुया आज्याले झेंडी वाचता नाही आली, म्हणून त्याची धानाची बांधी गेली. मले वाचता येते!"

मग रचनानं घुश्शातच विचारलं, "कुठं फेकलं?"

"उकिरड्यावर. आन् कुठी?"

दोघी उकिरड्यावर बसल्या, एकमेकींकडे पाठ करून. फुलांची वाळलेली डोकी वेचली, सुपात चोळली. दोघींचा राग काही उतरला नव्हता, पण तळाशी धुळीसारखं बारीक, तांबूस बी पडलं. पिकलेलं.

कॉलेजात त्या बियांच्या सालीवर बारीक, वाकड्या काट्यांच्या रांगा दिसल्या. जुन्या जातीच्या बियांना त्या नव्हत्याच. सरांनी पुन्हापुन्हा बघितलं. मग म्हणाले, "वेगळी आहे. लिहायला घ्या." मागल्या सालाबद्दल चकार शब्द नाही! रचना दात खात बाहेर आली आणि तिनं आईला फोन लावला.

"नवीन जात आहे, आई. नाव मी ठेवायचं. आणि तुझं तर मुळीच ठेवणार नाही!"

"नोको ठेवू, बाप्पा," पार्वताबाई फणकारली. "आपल्या नावाचं काही जमिनीत दिसलं का कोनी ना कोनी उपटाले येतेच."