दोरीवरची शाल

सकाळी दोरीवर वाळणाऱ्या शालीतून मला पलीकडच्यांची खिडकी स्वच्छ दिसली. मी निवृत्त झाले तेव्हा आमच्या कलासंस्थेने मला पांघरवलेली शाल ही. सत्काराला अशाच स्वस्तातल्या घ्यायच्या, हे ठरवणारी अर्थप्रमुख मीच. काय ती हुशार बाई!

मी नोकरीत असताना एका म्हाताऱ्या गायकबुवांनी स्वतःच्या सत्कारानंतर हळूच विचारलं होतं, "बाई, थंडीला पुरेल का हो ही?"

"बुवा, सन्मानाची ऊब असते ना!" मी ऐटीत म्हणाले.

त्याच हिवाळ्यात बुवांनी अंथरूण धरलं. भेटायला गेले, तर तीच शाल चार पदरी करून छातीपुरती पांघरलेली. त्यातून ते उठले नाहीत.

आता गार वारं सुटलंय. नात विचारते, "आजी, शाल देऊ?"

"दे गं. चार पदरी करून दे."