माकडाच्या गेमचं ए बटन

ही गोष्ट मी अजून कोणाच्याच कानावर घातलेली नाही. आता मी किती बोलतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पंगतीत माझ्या शेजारी बसणाऱ्याचं वरण थंड होतं असं सोयरे म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. घरातली भांडणं, माझ्या फजित्या, लग्नात अंतरपाट धरलेला असताना मला आलेल्या शिंका — सगळं सगळ्यांना सांगून झालं आहे. हे एवढंच राहिलं. राहिलं म्हणजे काय — ठेवलं. मीच ठेवलं.

आणि आज बोलायला बसलो तो या गेमवाल्यांच्या वैतागानं. खरंच सांगतो, डोकं उठवलं आहे लोकांनी.

लाखनीला हायवेवर माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं. घड्याळांचा धंदा आता सेलच्या घड्याळांनी बुडवला — बिघडलं की फेकतात, दुरुस्त कोण करतो? पण त्याच बारीक सेलवर चालणारे ते हातातले व्हिडिओ गेम आले, आणि सेल माझ्याकडे मिळतात म्हणून गेमवालेही माझ्याकडे यायला लागले. कलकत्त्याकडून येणारे ट्रक ड्रायव्हर गेम आणून देतात, मी विकतो. इथपर्यंत ठीक होतं. पण लोक नुसता गेम घेत नाहीत ना! सल्ला मागतात. जवाहरनगरच्या कॉलनीतून एक बाई बसनं येतात, म्हणतात, भाऊ, असा द्या की मुलगा रडणार नाही. अड्याळचा एक शेतकरी पंपावर राखण करताना वेळ जावा म्हणून मागतो. म्हणतो, डोक्याला ताप नको, पण झोपही नको. मी काय गेमचा वैद्य आहे?

तरी सांगतो. सांगायची खोडच आहे. तेच ते रगडायला लावणारा गेम घेऊ नका म्हणतो. ते म्हणजे धानाच्या बांधीतली चिखलणी. गोल गोल फिरा, चिखल उडवा, पुढे कुठे जाणं नाही. आणि मधेच दगा देणारा तर मुळीच घेऊ नका. तळ्यात उतरताना पाणी आधी घोट्याला लागावं, मग गुडघ्याला, मग कमरेला. पहिल्याच पावलाला गळ्यापर्यंत पाणी, तर माणूस पोहायला शिकेल की घरी जाईल? चांगला गेम चढत जातो, पण गाडीच्या बैलाला झेपेल असा चढतो. हरलो तरी वाटलं पाहिजे की चूक माझी होती, पुढच्या वेळी जमेल.

छान बोलतो ना? लोकही हेच म्हणतात. घड्याळवाले भाऊ फसवणार नाहीत, म्हणतात. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यांचा राग येतो का? त्यांचा कशाला येईल?

हे सगळं ज्ञान मला ज्या गेमवर मिळालं तो पहिला गेम चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या घरात आला. एका ड्रायव्हरचं घड्याळ मी दुरुस्त करून दिलं, तो खूश होऊन ठेवून गेला. पाकिटाएवढा डबा, त्यात एक झाड, झाडावर माकड, खाली टोपलीवाला. माकड नारळ टाकतं, आपण बटन दाबून टोपली सरकवायची. सुरू करायला दोन बटनं — ए आणि बी. ए दाबलं की एक माकड. आधी सावकाश, मग हळूहळू जलद. बी दाबलं की एकदम दोन माकडं, आणि जरा कुठे हात बसतो तोच दोघं मिळून असा मारा करतात की टोपलीवाल्याची दया यावी. ए म्हणजे घोट्यापासूनचं पाणी. बी म्हणजे गळ्यापासूनचं.

तेव्हा बाबा होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून दुकानातून उठून घरी ओसरीत बसायचे. हाताचे पक्के कारागीर. माझ्या हाताला त्यांनी कधी वाईट म्हटलं नाही. चांगलंही म्हटलं नाही. मी दुरुस्त केलेलं घड्याळ ते पुन्हा एकदा उघडून बघायचे, एवढंच. डोळे गेले तेव्हा उघडणं थांबलं, पण घड्याळ कानाला लावून ऐकायचे. मग खाली ठेवायचे. बोलायचे काही नाही.

आणि आमच्या घरची — सिंधू. तिचं माहेर पवनीकडचं, विणकरांचं. लहानपणापासून मागावरचे तुटलेले धागे जोडायचं काम तिचं. तांदूळ निवडताना तिची बोटं पाहिलीत तर वाटेल, खडे आपणहून बाजूला होतात. हे मला तेव्हा दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण तांदळात दिसणं वेगळं.

गेम आला त्या दिवशी आधी मी खेळलो. दुकानात दिवसभर. ए वर. संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांना ऐकवलं की मी किती नारळ झेलले, आणि हे कोणाला जमायचं नाही. मग स्वयंपाक उरकून सिंधू ओसरीत आली, पदराला हात पुसले, आणि बघू म्हणाली. मी मोठ्या मनानं दिला. कसा धरायचा तेही शिकवलं.

काय सांगू? माकड दमलं, ती दमली नाही. माझा आकडा आला आणि गेला. मी म्हटलं, आता पडेल. आता पडेल. ती खेळतेच आहे. प्रत्येक नारळाला डबा बारीक आवाज करायचा, आणि बाबा डोळे मिटून तो आवाज ऐकत होते. त्यांना चित्र दिसत नव्हतं. ते घड्याळ ऐकावं तसं तिचा हात ऐकत होते. मग म्हणाले,

"कसा चालून राह्यला हिचा हात. एकसारखा. इले बेंचवर बसव. बायकांची घड्याळं हिच्याकडे दे."

माझ्या बापानं. माझ्यासमोर. माझ्या बायकोला.

सिंधू तेव्हा नुसती लाजली. पण पुढचे दोन-तीन दिवस ती वेगळीच बाई होती. भाजी निवडता निवडता विचारायची, ते भिंग कोणत्या डोळ्याला लावायचं. पहाटे स्वयंपाक उरकला तर मुलांना शाळेत धाडून दुकानात यायला किती वाजतील, याचा तिनं हिशेब केला होता. बेंचला, म्हणजे दुरुस्तीच्या टेबलाला, दुसरा स्टूल लागेल, तर घरातला चालेल का, हेही तिनं पाहून ठेवलं होतं. नवऱ्याच्या दुकानात बसायचं, एवढंच नव्हतं त्यात. तिला कोणी पहिल्यांदा म्हटलं होतं की तुझ्या हातात कसब आहे.

मी हो-हो म्हणत होतो. आणि मनात? मनात एकच चित्र. गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि म्हणतंय, तुम्ही राहू द्या भाऊ, वहिनींना दाखवू.

आता सांगतोच. किती फिरवू?

सेल उतरला आहे असं सांगून मी गेम दुकानात नेला. उघडला. बटनाखाली रबर असतं, रबराखाली काळा ठिपका, तो खालच्या पट्टीला टेकला की बटन चालतं. मी मेणकागदाचा तिळाएवढा तुकडा कापला आणि ए बटनाच्या ठिपक्याखाली बसवला. चिमट्यानं. भिंग लावून. हायवेवरून ट्रक गेला की माझं टेबल थरथरतं आणि माझ्या हातून हमखास काहीतरी पडतं — त्या दिवशी पडलं नाही. इतकं नीट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. बाबांना पुन्हा उघडून बघावं लागलं नसतं.

घरी येऊन सांगितलं, ए बटन गेलं. जपानी माल, दुरुस्त होत नाही. बी वर खेळा. खेळ तोच आहे.

खेळ तोच आहे! दुकानात आता हेच तोंड गिऱ्हाइकाला सांगतं की महिनाभर बी ला हात लावू नका.

बाबांनी तिला पुन्हा बसवलं. लाव पाहू, म्हणाले. दोन माकडं आली, चार नारळ पडले, डबा भुंकल्यासारखा वाजला. पुन्हा. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच. तिला वाटलं, पहिल्या दिवशी हात गरम होता, आज थंड आहे. म्हणून चुलीजवळ बोटं शेकून आली. बोटं शेकून! आणि मी तिथेच पलंगावर बसून पान लावत होतो.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "त्या दिशी नशिबानं लागलं असंल." आणि कूस बदलून झोपले.

तरी तिनं सोडलं नव्हतं. दुपारी घरात कोणी नसलं की खेळायची. अंगठ्यांना घट्टे पडले होते. एकदा मी जेवायला लवकर आलो तर तिनं गेम पटकन पदराखाली लपवला, जणू चोरी तिनंच केली होती. तेव्हा मी काय बोललो असेन? ओरडलो नाही, टोमणाही मारला नाही. मी तिची समजूत काढली. म्हटलं, जाऊ दे, प्रत्येकाच्या हातात प्रत्येक गोष्ट नसते. तुझ्या हातची आंबील बघ, ती मला जमेल का?

लोक क्रूरपणा म्हणतात तो काय वेगळा असतो?

शेवटी ती स्वतःच बाबांपुढे जाऊन उभी राहिली. मी अंगणात सायकल पुसत होतो. ऐकू आलं —

"नाही जमत जी मामाजी माह्या हाताले. दुकानाचं राहू द्या."

बाबा बरं म्हणाले. गेम फडक्यात गुंडाळून तिनं कपाटावर ठेवला. माझ्या बेंचला एकच स्टूल राहिला.

मेणकागद काढायला किती वेळ लागला असता? चहा निवेपर्यंत झालं असतं. काढला नाही. आधी म्हटलं, आठ दिवसांनी काढू आणि म्हणू, बटन आपोआप सुधारलं. मग म्हटलं, आता काढला तर तिला कळेल. मग बाबा गेले. मग म्हटलं, आता बेंचवर बसवायला सांगणारं कोण आहे? माणूस स्वतःला किती छान सल्ले देतो पाहा. गिऱ्हाइकांना देतो त्याहून छान.

आता आमच्या घरात ती रीतच होऊन बसली आहे. मिक्सर आणला तर सिंधू पोरीला हाक मारते, तू लाव गं बटन. तिच्या भावानं शिवणयंत्र देऊ केलं, तिनं नको म्हटलं. भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायची तर माझी वाट पाहते, घड्याळवाल्याची बायको! पाहुण्यांसमोर स्वतःच हसून सांगते, माझा हात म्हणजे सूप आहे, पाखडायच्या कामाचा. सगळे हसतात. मीही हसतो. माझं हसणं थोडं मोठं असतं, एवढं तिला अजून कसं कळलं नाही, कोण जाणे.

बाबांनी माझ्या हाताला कधी चांगलं म्हटलं नाही, हे मघाशी बोलून गेलो. ते कारण म्हणून धरू नका. बाबांनी कितीतरी लोकांना चांगलं म्हटलं नव्हतं. त्यांनी कोणी आपल्या बायकोच्या बटनाखाली कागद घातला नाही.

गेल्या आठवड्यात सिंधू डबा घेऊन दुकानात आली होती. मी एक बायकांचं घड्याळ उघडून बसलो होतो. चष्म्याचा नंबर वाढला आहे, हातही आता पूर्वीसारखा राहिला नाही. बारीक स्क्रू चिमट्यातून सुटला आणि खाली गेला. मी डोळे ताणून बघतो आहे, फरशीवर काही दिसत नाही. ती डबा ठेवून वाकली. बेंचवरचा दुसरा चिमटा तिनं न विचारता उचलला होता. एका झटक्यात स्क्रू उचलून वर आणला आणि घड्याळावर, बरोब्बर त्याच्या भोकावर, धरला. हायवेवरून लादलेला ट्रक गेला. टेबल थरथरलं, काचेच्या बरण्या वाजल्या. तिचा चिमटा हलला नाही.

आता फक्त सोडायचा होता.

ती माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसली, आणि तिनं चिमटा माझ्या बाजूला केला.

"घ्या, तुमीच लावा. मले नाही जमत हे."

मी चिमटा घेतला. स्क्रू पुन्हा पडला.

ती पुन्हा खाली वाकली आणि शोधू लागली.