उजवीकडे वळलेली सोंड

आधी मावशीचं सांगतो, माझ्या शहाणपणाचं मागाहून. मावशी पनवेलच्या मासळी बाजारात बसते. उरणच्या खाडीकडची कोळीण, पासष्टीच्या पुढची. तिचं माझं नातं एवढंच, की मी तिच्याकडून बांगडे घ्यायचो आणि ती मला ‘हत्तीवाला’ म्हणायची. आज मी पनवेलात आहे तो तिच्यामुळे.

‘हत्तीवाला’ हे नाव मात्र मी स्वतः कमावलंय. माझं गाव चंदगडकडचं, कर्नाटकातून हत्ती उतरतात त्या पट्ट्यातलं. हत्ती उसात शिरले की सगळं गाव डबे बडवायचं आणि मी तेवढा हत्तींच्या दिशेने पळायचो. सातवीत असताना असाच दोन दिवस त्यांच्या मागावर गेलो. परत आल्यावर शाळेत जायचं राहूनच गेलं, ते अजून राहिलंय. पुढे ट्रकवर क्लीनर झालो. लोक देवदर्शनाला गाडी थांबवतात, मी हत्तीसाठी थांबवायला लावायचो. केरळात देवळांतले पाहिले, आसामात चहाच्या मळ्यातून जाणारा कळप पाहिला. कर्नाटकातल्या एका छावणीत तर एका म्हाताऱ्या हत्तिणीपाशी इतका रमलो की ट्रक मला सोडून निघून गेला. काहीही द्या, ती सोंड उजवीकडेच वळवून घ्यायची. माणसांत डावखुरे असतात ना, तसंच. एवढं ज्ञान मी नोकरी घालवून मिळवलं.

दुसऱ्या एका ट्रकने पळस्प्याला हायवेच्या फाट्यावर उतरवलं आणि मी पनवेलला एका गणपतीच्या कारखान्यात चिकटलो. काम तिथेच, झोपणंही तिथेच, मूर्तींच्या फळ्यांखाली. आमच्याकडे शाडूच्या मूर्ती. गिऱ्हाईक आषाढातच आपल्या घरचा पाट आणून ठेवतं आणि त्याच पाटावर त्याचा गणपती घडतो. पहिल्याच वर्षी मी शेठला सांगितलं, तुमच्या मूर्तींचे कान हत्तीसारखे नाहीत.

“हत्तीने ऑर्डर दिली की तसे करू,” शेठ म्हणाले.

तरी माझा हात बरा, म्हणून तिसऱ्या वर्षी खांदा कॉलनीतल्या एका साहेबांच्या मूर्तीची सोंड त्यांनी माझ्यावर सोपवली. जिवंत वाटली पाहिजे, म्हणाले. मी एवढंच ऐकलं. डोळ्यांपुढे ती हत्तीण आली आणि माती आपसूक उजवीकडे वळली. उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचं सोवळं-ओवळं फार, कोणी मागितल्याशिवाय तसा घडवत नाहीत, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मलाही ठाऊक होतं. पण त्या दुपारी मी पनवेलात नव्हतोच. शेठनी डोळ्यांची आखणी करताना सोंड बघितली. त्यांना वाटलं, साहेबांनीच मला तसं सांगितलं असेल. मला वाटलं, शेठ काही बोलले नाहीत म्हणजे सोंड जमली!

चतुर्थीच्या आदल्या सकाळी साहेब सहकुटुंब आले. बाईंनी फडकं बाजूला केलं.

“अहो, हा उजव्या सोंडेचा आहे!”

साहेब चष्मा पुसायला लागले. “आम्ही दोघंही नोकरीवाले. घरात लहान मूल, फ्रीजमध्ये अंडी. हे आम्हाला झेपायचं नाही हो.”

शाडू वाळलेली, रंग चढलेला, दुसरी मूर्ती शिल्लक नाही. शेठ माझ्या कानाशी आले. “साहेब मूर्तीशिवाय गेले, तर तूही पिशवी उचल. पळस्प्याला गाड्या थांबतात, तुला माहितीच आहे.”

पिशवी मी मनातल्या मनात भरूनसुद्धा टाकली. दोन कपडे, एक चादर. ती घेऊन जायचं कुठे, ते मात्र सुचेना.

मावशी आपला गणपती न्यायला आली होती, बाकावर बसून सगळं ऐकत होती. तिचा डाव्या सोंडेचा, उंचीला साहेबांच्याएवढाच.

“माजा साहेबांना द्या,” ती म्हणाली. “ह्यो मी नेते.”

“मावशी, तो पाट तुझ्या सासऱ्यांचा आहे,” शेठ म्हणाले.

“मग? विसर्जन झालं का साहेब आनून देतील. पाट घेऊन पलून नाय जानार. काय वो साहेब?”

साहेबांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

“आणि गौरीचा तिखटा?” शेठनी विचारलं. कोळ्यांच्या घरी गौराईला मासळी-मटणाचा नैवेद्य असतो. लेकी-जावई वर्षभर त्यावर डोळा ठेवून असतात. कडक गणपतीसमोर तो दाखवणार कसा?

“गौराई माहेरी आलेली पोर हाय. एक वरीस रुसंल. मी काडीन समजूत.”

मला राहवेना. “मावशी, हा कडक असतो गं.”

“आनि मी काय मऊ हाय? गप उचल. टेम्पोवाला खोळंबलाय.”

गौरीच्या दिवशी तिने मला जेवायला बोलावलं. न जाऊन चालणार नव्हतं. पंगतीत तिच्या लेकींनी मला लगेच ओळखलं. “ह्योच का गं तो सोंडवाला?” खेकड्यांच्या आशेने खाडीपलीकडून आलेला मावशीचा भाऊ वरण-भात कालवत माझ्याकडे एकटक बघत होता. मी हत्तिणीची सवय सांगून पाहिली. तिथे कोणालाच माहिती नको होती, कोलंबी हवी होती.

मावशीने भावाला दटावलं, “त्याला काय बगतोस? पुरन खा.” मग माझ्या पानात आणखी एक पोळी टाकत हळूच विचारलं, “खरंच उजवीकडंच वलवायची?”

“खरंच.”

“मी हत्ती पाह्यलाच नाय रे कदी. सर्कशीतला सुदीक नाय.”

मी भारताचे चार कोपरे फिरून जे बघितलं त्यापायी हिच्या घरची गौराई उपाशी राहिली, आणि हिने हत्ती पाहिलाच नव्हता.

कारखान्यात मी अजून आहे. सोंडेला हात लावायला मनाई आहे, मला उंदीर देतात. उंदरांबद्दल मला फारसं कळत नाही, त्यामुळे ते चांगले होतात.

मावशीला मात्र मी एक दिवस हत्ती दाखवणार आहे. तिचे गुडघे धड नाहीत आणि बाजारातली जागा सोडून ती दोन दिवस कुठे राहिलेली नाही, हे सगळं मोजून माझी झोप उडते. तरी नेणार. गाडीत खिडकीजवळ बसवून नेणार, हत्तीसमोर सावलीत खुर्ची टाकून देणार, आणि तिला बघायचं तेवढं बघून होईपर्यंत तोंडातून एक अक्षर काढणार नाही.