थोरलीच्या चादरी

"देवाच्या घरात माझ्या नवऱ्याची अब्रू वाळत घातलीस, धाकटे! चारचौघांत!"

हे मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. हातात धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं होतं. परत फिरले असते तर शहाणपणाचं झालं असतं, पण भांडण ऐकू येत असलं की माझे पाय जड होतात. जुनं दुखणं आहे.

आत बोलत होती ती थोरली. आणि जिला बोलत होती ती तिची सख्खी धाकटी बहीण, आमच्या गल्लीतली इस्त्रीवाली. लहानथोर सगळे तिला इस्त्रीताईच म्हणत. लग्न केलं नव्हतं. एक खोली, घोंगडी अंथरलेलं टेबल, पाणी शिंपडायचा तांब्या आणि ती जड इस्त्री, एवढाच तिचा संसार.

"मी भावोजींचं नाव घेतलं नाही, अक्का. दवाखान्याच्या वेळेचं घेतलं."

"आणि कुलूप कोण लावतं? वेळ लावते?"

"नियम लावतो."

"त्या नियमाला मिशा आहेत! पाचव्या बाकावर बसल्या होत्या! सगळ्यांच्या माना वळल्या तिकडे!"

इस्त्रीताईला हसू फुटलं. मलाही फुटलं असतं, पण मी दाराबाहेर होते. ते हसू नडलं.

"हस," थोरली म्हणाली. "पण आजपासून माझ्या दारात येऊन 'काय दुखतंय' विचारायचं नाही. मला काही दुखत नाही."

तरातरा बाहेर आली आणि माझ्यावर आदळली. "ऐकलंत ना सगळं? आता तिखटमीठ लावून सांगा गल्लीभर." देवाशप्पथ, मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांना सांगितलं, पण नवऱ्याला सांगणं काही सांगण्यात धरत नाहीत.

झालं होतं ते असं. आमच्या भागातला सरकारी दवाखाना सकाळी नऊ ते बारा उघडा असायचा. त्या वेळात गल्लीतलं माणूस घरी असेल तर ते एकतर तान्हं, नाहीतर अंथरुणाला खिळलेलं. बाकी सगळे कामावर. थोरलीचा नवरा त्या दवाखान्यात कंपाउंडर. माणूस वाईट नव्हता, पण बाराचा ठोका पडला की शटर खाली.

आणि आमचं प्रार्थनाघर. तिथं इस्त्रीताईनं एक नवीनच खूळ सुरू केलं होतं. प्रार्थना झाल्यावर लगेच उठायचं नाही, घटकाभर बसायचं आणि ज्याला जे सलतं ते त्यानं उभं राहून सांगायचं. प्रार्थना सांगणारे बाबा आधी घाबरले. म्हणाले, "अगं, प्रार्थना झाली की माणसं घरी जातात." ती म्हणाली, "घरी जाऊन भिंतीलाच सांगतात ना, बाबा? इथं निदान माणसं आहेत."

माणसं उभी करायची तिची रीत साधी होती. इस्त्रीचे कपडे ती स्वतः घरोघर पोचवायची. कपडे ठेवायची, उंबऱ्यावर टेकायची आणि विचारायची, "काय दुखतंय?" मग गप्प. सल्ला नाही, हळहळ नाही. ऐकून झालं की म्हणायची, "हे तू सगळ्यांपुढे सांग. मी नाही सांगणार. दुखणं तुझं, तर तोंडही तुझंच पाहिजे." कुणी कितीही गळ घालो, दुसऱ्याच्या मनातलं ती आपल्या तोंडानं बोलायची नाही. ज्याचं त्यानं म्हटल्याशिवाय ती पुढं पाऊल टाकत नसे. या एका गोष्टीत अगदी हेकट.

तशीच तिनं कचेऱ्या झाडणारी एक बाई उभी केली. तापानं फणफणलेली मुलगी घेऊन ती बाई बारा वाजून पाच मिनिटांनी पोचली होती, शटरपुढं. बाईनं तेवढंच सांगितलं आणि खाली बसली. मग माना वळल्या, आणि मग ते भांडण.

त्यानंतर दोन वर्षं इस्त्रीताई दारोदार फिरली. दवाखाना संध्याकाळी उघडा हवा, एवढी एकच गोष्ट लोकांच्या तोंडून वदवून घेत होती. सगळी दारं उघडायची. तिच्या खोलीसमोरचं, थोरलीचं, एक सोडून.

गंमत अशी की दर मंगळवारी त्या दाराच्या कडीला चादरींचं गाठोडं मात्र टांगलेलं असायचं. भांडण भांडणाच्या जागी, चादरी चादरींच्या जागी! इस्त्रीताई ते न्यायची, कडक इस्त्री करून परत कडीला टांगायची, दोनदा दार वाजवायची, थोडी थांबायची आणि निघायची. माझ्या खिडकीतून दोन्ही दारं दिसतात, म्हणून ठाऊक.

मी एकदा म्हटलं, "अगं, दुसरीकडं देत नाही ती चादरी. म्हणजे राग अर्धाच आहे."

"अर्धाच राग चिवट असतो, वहिनी. पुरता असता तर एकदा फुटून मोकळा झाला असता." मग इस्त्री गालाजवळ नेऊन तिनं आच पाहिली. "सगळी गल्ली बोलते माझ्याशी. पण लहानपणी मी कशाला भ्यायचे, हे ठाऊक असलेलं माणूस एकच आहे. तिनं एकदा नुसतं 'धाकटे' म्हणून हाक मारली ना, तरी बास."

शेवटी दवाखान्याच्या वेळा ठरवणाऱ्या कचेरीतल्या साहेबांना प्रार्थनाघरात बोलावणं गेलं. त्यांचेही शर्ट इस्त्रीताईकडंच असायचे. "कॉलर बाजूला झिजते त्यांची," ती म्हणायची. "मान आडवी फार हलते. उभी हलवायला लावू." पाच बायका बोलणार, मग साहेबांनी हो किंवा नाही सांगायचं, असं ठरलं. तालीम तिच्याच खोलीत झाली.

आमची चूक एवढीच झाली, की आधी छोटी प्रार्थना ठेवली. साहेबांना बघून बाबांना चेव आला. छपरांसाठी झालं, रस्त्यांसाठी झालं, साहेबांच्या तब्येतीसाठी झालं, मग त्यांच्या मुलाबाळांसाठी सुरू झालं. आमच्यात प्रार्थना संपल्याशिवाय कुणी डोळे उघडत नाही. दोनशे माणसं डोळे मिटून बसलेली. साहेबांनी ते पाहिलं, बॅग उचलली आणि मांजरासारखे दाराकडे निघाले. मी पाहिलं. म्हणजे माझेही उघडे होते, देव माफ करो.

दारात खुर्ची टाकून थोरली बसली होती. ती फक्त प्रार्थनेपुरती आली होती. पुढच्या सभेशी तिला कर्तव्य नव्हतं. हात जोडलेले, डोळे मिटलेले.

"बाई, जरा वाट द्या," साहेब कुजबुजले.

"प्रार्थना चालू आहे."

"मला महत्त्वाचं काम आहे हो."

"देवापेक्षा?" हे मात्र ती अशी कडाडली, की बाबा दचकले आणि साहेबांची मुलंबाळं अर्धीच सोडून त्यांनी प्रार्थना संपवली. दोनशे जणांनी डोळे उघडले, तर साहेब बॅग घेऊन दारात! कचेऱ्या झाडणारी बाई तिसरी बोलायची होती, ती तिथंच उठली. "साहेब, मला पाचच मिनिटं उशीर झाला होता..."

साहेब परत येऊन बसले. आठवड्यातून तीन संध्याकाळी दवाखाना उघडेल, म्हणाले. आम्ही सहा मागितल्या होत्या. तीन घेतल्या.

सगळे टाळ्या वाजवत होते. इस्त्रीताई दाराकडं बघत होती. खुर्ची रिकामी होती. प्रार्थना संपली, थोरली गेली.

ती मुद्दाम अडून बसली की नुसत्या भक्तीनं, हे मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी इस्त्रीताईनं तिचं दार दोनदा वाजवलं. आत दिवा होता. दार उघडलं नाही. मंगळवारी कडीला गाठोडं.

अशी वर्षं गेली. कंपाउंडर संध्याकाळच्या पाळ्या करत राहिले, मेव्हणीशी दोन शब्द बोलायचेही, मग निवर्तले. समोरासमोरच्या दोन दारांआड दोन एकट्या बायका राहिल्या.

एका मंगळवारी इस्त्रीताईनं मला चादर उलगडून दाखवली. "हात फिरवून बघा, वहिनी. या चादरीवर कुणी झोपलेलं नाही, धुतलेलीही नाही. झोपेच्या सुरकुत्या लांब असतात, अंगाच्या उबेनं बसलेल्या. या मुठीत धरून चुरगळलेल्या आहेत. हे बघा, पाचही बोटं."

"म्हणजे न वापरलेली चादर ती हातानं चुरगळते आणि तुझ्याकडं पाठवते?"

"कितीतरी वर्षं झाली."

मी ताडकन उठले. "मग बसलीस काय? जा, ढकल ते दार! नाहीतर मी जाते आणि सांगते तिला!"

"नको, वहिनी." हे इतक्या हळू म्हणाली, की मी बसलेच. "तिचं दुखणं तिच्या तोंडून आलं पाहिजे. आयुष्यभर साऱ्यांना हेच सांगितलं. आपल्या बहिणीसाठी वेगळा कायदा करू?"

मी गेले नाही. सगळ्या गल्लीला 'काय दुखतंय' विचारणाऱ्या बाईला मीही ते कधी उलटून विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही, अशी मी माझी समजूत घालते.

पुढं तिच्या छातीत कळा यायला लागल्या. संध्याकाळच्या दवाखान्यात रांगेत उभी राहून तिनंच गोळ्या आणल्या. डॉक्टरांनी जिने चढू नका, ओझं उचलू नका म्हणून बजावलं होतं. ती बुधवारी गेली. आदल्या दिवशी मंगळवार होता.

त्या मंगळवारी मी खिडकीत बसून निवडण करत होते. ती बाहेर आली, खांद्यावर चार घरचे कपडे, हातात थोरलीचं गाठोडं. एरवीपेक्षा हळू चालत होती, एवढंच. गाठोडं कडीला टांगलं. एका चादरीचं टोक मुडपलं होतं, ते तळहातानं सारखं केलं. दार दोनदा वाजवलं. थांबली, नेहमी थांबायची तेवढीच. मग खांद्यावरचे कपडे सावरून पुढच्या दाराशी गेली, उंबऱ्यावर टेकली आणि आतल्या बाईला म्हणाली, "काय दुखतंय?"