मिरवणुकीची जीप

केजमध्ये कुणाच्या गाडीची बॅटरी चार्ज होत नसली की तो आमच्या कचरूमामांच्या दुकानात येतो आणि आधी बोलणी खातो. "वायरी कावून उपटत बसला? आधी अर्थिंग बघायचं!" अर्थिंग म्हणजे गाडीच्या पत्र्यातून करंटची परत जायची वाट. चाळीस वर्षांत हे त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. मी, त्यांचा भाचा सतीश, तर रोज ऐकतो.

चौदा एप्रिलला बाबासाहेबांची तसबीर मामांच्या जुन्या जीपमधून निघते. यंदा कमिटीची पोरं म्हणाली, नवा पिकअप आणू. मामा भडकले. "तसबीर जीपमदीच बसंल. जीपला एक जरी धक्का मारावा लागला, तर पुढच्या साली मीच पिकअप सांगतो." मग आठवडाभर खपून त्यांनी जीप निळी केली. एकेक पार्ट सोडवून त्याच्या मागच्या पत्र्यालाही रंग दिला.

आणि त्या दिवशी सकाळी चार्जिंगचा काटा हलेना. मिरवणूक चार तासांची, चाल मुंगीची, त्यात माइक आणि दिवे. बॅटरी निम्म्या वाटेत बसणार हे उघड होतं.

मामांनी पट्टा ताणला, बॅटरीची टोकं घासली. डायनॅमोला थेट बल्ब जोडला, तो लख्ख पेटला; म्हणजे डायनॅमो ठीक. मग चार्जिंग सांभाळणारा कटआउटचा डबा बदलला. काटा तिथंच. दुपार झाली. एवढा हट्टी माणूस हरलेला मला बघवेना. "पिकअप सांगू का?" मी विचारलं.

"गप बे!"

सिंधुमामी भाकरी घेऊन कधीच्या उभ्या होत्या. "आवं, सगळ्या गावाला सांगता ते अर्थिंग बघितलं का?"

"ते कसं जाईल? डबा मीच बसवलाय."

पण बोलता बोलता त्यांनी एक वायर घेतली. एक टोक डब्याच्या अंगाला, दुसरं इंजिनला टेकवलं. काटा उडाला. डब्याला अर्थिंग मिळतं ते मागच्या पत्र्यातून, आणि त्यावर मामांनीच मायेनं दोन हात रंग चढवला होता; रंगातून करंट जात नाही.

मामांनी डबा सोडवला, कानस घेतली आणि तो निळा रंग पांढरा पत्रा दिसेपर्यंत खरवडला. डोळे भरले होते, हात थांबला नाही.

संध्याकाळी जीप धक्क्याविना गावभर फिरली.

परवा एक जण बंद चार्जिंगची गाडी घेऊन आला. मी बोलणी ऐकायच्या तयारीत उभा. मामा नेहमीसारखे गरजले, "आधी अर्थिंग बघ!" मग जरा थांबून हळूच म्हणाले, "हुतं बाबा. मी बी विसरलतो."